आभार एका पानात

प्रबंध पूर्ण झाला होता. फक्त आभार मानायचे राहिले होते, आणि धाकटीच्या मते ते काम चहा निवायच्या आत उरकणारं होतं.

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप होता, शेजारी मागून आणलेला प्रिंटर होता आणि त्या दोघांच्या मधे चहाचा कप. आज पाच वाजेपर्यंत बांधलेला प्रबंध गाईडच्या सहीसकट कॉलेजात जमा झाला, तर धाकटी तोंडी परीक्षेला बसणार होती. नाही झाला, तर परीक्षा पुढच्या सत्रात आणि हाताशी आलेली नोकरी दुसऱ्याच्या हातात.

गाईडना सगळं कॉलेज फूटपट्टी सर म्हणायचं. सर प्रबंध वाचतात की नाही याबद्दल मतभेद होते. मोजतात याबद्दल नव्हते. डावीकडे दीड इंच समास, बाकी तिन्ही बाजूंना एक इंच. आकृतीचं नाव आकृतीखाली, तक्त्याचं नाव तक्त्याच्या वर. आणि ऋणनिर्देश एका पानात. गेल्या वर्षी एका मुलाच्या आलेखाची शेपूट समासात घुसली, तर सरांनी सगळ्या प्रती परत पाठवल्या होत्या. तो मुलगा अजून कॉलेजातच दिसतो.

धाकटीचा विषय होता छताच्या पंख्याची थरथर कमी करणं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला पंखा मुळात फिरतच नसल्यामुळे त्याच्या थरथरीचा अभ्यास करणं अवघड होतं. म्हणून घरच्या हॉलमधला पंखा वर्षभर संशोधनाला लागला. धाकटी त्याच्या पात्यांना मातीचे लहान लहान गोळे चिकटवायची, तो जोरात फिरवायची आणि आकडे टिपायची. एकदा एक गोळा सुटला आणि खाली भाजी निवडत बसलेल्या आत्याच्या कपाळावर बसला. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती याच घरात राहायची, आणि तो गोळा तिच्या मनातून अजून निघाला नव्हता.

"वाच बघू काय लिहिलंयस," आत्या म्हणाली.

धाकटीने वाचलं. आदरणीय मार्गदर्शकांचे बहुमोल मार्गदर्शन, विभागप्रमुखांचे प्रोत्साहन, प्राचार्यांचे आशीर्वाद, "आणि शेवटी, माझे कुटुंबीय व मित्रपरिवार यांची मी ऋणी आहे."

"कुटुंबीय म्हणजे नक्की कोण गं?"

"म्हणजे तुम्ही सगळे."

"मग सगळ्यांना एकाच पिशवीत कशाला कोंबलंस? कांदेबटाटे आहोत का आम्ही?" आत्याने कपाळावरच्या बारीकशा खुणेवर बोट टेकवलं. "हा गोळा काय कुटुंबीयांना लागला होता? मला एकटीला लागला."

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. नाव राहणं म्हणजे काय असतं, ते त्या घरात त्यांच्याइतकं कोणी भोगलं नव्हतं. थोरलीच्या लग्नपत्रिकेत त्यांच्या मोठ्या भावाचं, म्हणजे मुलींच्या काकांचं, नाव छापायचं राहिलं होतं. काका लग्नाला आले, जेवले, आहेरही केला. "छे छे, रागावलो कुठे?" असं चारचौघांत म्हणाले. आणि त्या दिवसापासून ते बाबांना 'अहो' म्हणू लागले. पाठच्या भावाला 'अहो'! त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बाबा निवांत झोपले असते.

"ताई म्हणते ते खरं आहे," बाबा म्हणाले. "नावं घालायला हवीत. तू आंघोळ उरकून घे. मी घालतो."

"बाबा, एका पानात हं."

"अगं, पत्रिका छापल्यात मी."

धाकटी गेली आणि बाबा दोन बोटांनी कामाला लागले. पहिला प्रश्न क्रमाचा होता. वडीलधारी आधी, हा नियम सरळ होता. पण सरांचं वय कोणालाच माहीत नव्हतं.

"सरांना तूर्त बाजूला ठेवू," बाबा म्हणाले. त्यांनी सरांचा परिच्छेद कापून बाजूला ठेवला. कुठे ठेवला, ते लॅपटॉपलाच ठाऊक. मग काकांचं नाव सगळ्यांत वर आलं.

"दादाने काय केलंय प्रबंधात?" आत्याने विचारलं.

"काही नाही केलं. म्हणून तर आधी घातलं."

त्याखाली आत्या, कपाळासकट. मग शेजारचे आजोबा, कारण पंख्यापर्यंत पोचायची शिडी त्यांची. मग थोरली, आणि तिच्यामागोमाग जावई, कारण जावयांचं राहिलं असतं तर थोरलीला ऐकून घ्यावं लागलं असतं. स्वयंपाकघरातून आईचा हळू आवाज आला, "खालच्या वहिनींनी उन्हाळाभर त्यांचा टेबलफॅन दिला होता आपल्याला. स्वतः पुठ्ठ्याने वारा घेत होत्या. त्यांना विसरू नका हं." वहिनी आल्या. बाबा शिस्तीचे, त्यामुळे प्रत्येक नावानंतर ते काम जपून ठेवायचे, सगळं बंद करायचे आणि पुन्हा उघडायचे.

धाकटी ओले केस पुसत आली तेव्हा आभार दुसऱ्या पानावर पोचले होते.

"बाबा! एक पान म्हटलं होतं!"

"मग कोणाला काढू ते सांग."

धाकटीचं बोट एकेका नावावरून पुढे सरकत गेलं. शेवटी आई पदराला हात पुसत दारात आली. "मला काढा," ती म्हणाली. "माझं नाव नसलं म्हणून काय बिघडतंय? मी घरातच आहे."

आईचं नाव काढणं आता तर कोणाच्या बापाला शक्य नव्हतं.

"अक्षरं थोडी बारीक करू," बाबा म्हणाले आणि धाकटी "थांबा" म्हणायच्या आत त्यांनी केली. आभारांची अक्षरं बारीक झाली. प्रस्तावनेचीही झाली, पाचही प्रकरणांची झाली, संदर्भसूचीचीही झाली. प्रबंधाने एकदम अंग चोरलं. आलेख आपापली नावं मागच्या पानावर टाकून पुढे गेले, एक तक्ता अर्ध्यात मोडला आणि पंख्याचं मोठं चित्र संदर्भसूचीत जाऊन बसलं.

"मागे घ्या, मागे घ्या!"

"ते कसं घेणार? मी सेव्ह करून, बंद करून, पुन्हा उघडलंय ना. जपून."

धाकटीने कपाळाला हात लावला. अक्षरं पुन्हा मोठी केली तर आलेख आणखी कुठेतरी गेले. सगळ्यांत वाईट गोष्ट अनुक्रमणिकेची. ती आपोआप तयार होते हे धाकटीला कोणी सांगितलंच नव्हतं. प्रत्येक मथळ्यापुढची टिंबं तिने एक एक करून हाताने टाकली होती, आणि त्यापुढचे पानांचे आकडेही. आता एकही आकडा खरा राहिला नव्हता.

ती खुर्चीत बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "संपलं सगळं. वर्ष गेलं माझं."

"काही जात नाही," आत्या खुर्ची ओढत म्हणाली. "चष्मा आण माझा. टिंबं मी बघते."

मग त्या घराने जे केलं ते बघण्यासारखं होतं. धाकटीने आलेख एकेक करून हाताला धरून परत आणले. बाबा मथळे मोठ्याने वाचू लागले, आई पानं शोधून आकडे सांगू लागली, आणि आत्या पडद्याला नाक लावून टिंबं मोजू लागली. "इथे एक जास्त आहे गं. खुड." कुकरच्या शिट्ट्या कोणी मोजल्या नाहीत. खालच्या वहिनी टेबलफॅन घेऊन वर आल्या, कारण हॉलचा पंखा लावला की कागद उडत होते. आभारांची अक्षरं फक्त तेवढ्या पानापुरती थोडी बारीक केली आणि ते पान गच्च भरून बरोबर खालच्या समासाशी थांबलं. धाकटीने मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं. हे सगळं कोणत्या शब्दांत लिहायचं, हे तिला तेव्हाही सुचलं नाही.

दुपार कलताना ते बाइंडरकडे पोचले. धाकटी, प्रती उचलायला बाबा, आणि आत्या. आत्या कशाला, तर "कपाळ दाखवायची वेळ आली तर असावं बरोबर."

बाइंडर पानं ठोकून सारखी करत होता. "कोणाकडे आहे? फूटपट्टी? मग गोंद जरा वाळू दे. पुठ्ठा वाकडा दिसला तर माझ्या दुकानावर येतात ते."

"वाचतात का हो ते?" बाबांनी विचारलं.

"कुणास ठाऊक. पानं तर माझ्यापेक्षा नीट मोजतात."

सरांच्या खोलीत धाकटी एकटीच गेली. सरांनी प्रबंध घेतला, फूटपट्टी काढली आणि पानं उलटायला सुरुवात केली. डावीकडे दीड. वर एक. आकृतीचं नाव खाली. प्रत्येक पानाला सर नुसतं "हं" म्हणायचे आणि धाकटी तेवढ्यापुरता श्वास सोडायची. शेवटी ते सुरुवातीकडे परतले, ऋणनिर्देशाच्या पानावर. समास मोजले. "हं." मग फूटपट्टी ओळीखाली धरून ते चक्क वाचू लागले. एकदा वरून खाली. मग पुन्हा.

"आपण बसा," सर म्हणाले.

सर आजवर तिला 'ए पंखा' म्हणून हाक मारत आले होते. ती "आलेच, सर" म्हणून बाहेर धावली.

"काय म्हणाले?" बाबांनी विचारलं.

"आपण बसा म्हणाले."

बाबांचा चेहरा उतरला. "नाव राहिलं," ते पुटपुटले. "अगं, कापलं होतं मी. चिकटवायचं राहूनच गेलं."

तिघंही आत गेली. बाबांनी हात जोडले. "सर, चूक माझी आहे. मुलीने लिहिलं होतं. मीच कापलं."

"छे छे, रागावलो कुठे?" सर खिडकीकडे बघत म्हणाले. बाबांना समोर काकाच दिसले. तोच सूर, तीच मान. "राहायचंच. तुमच्यात घरची माणसं आहेत, शेजारी आहेत, टेबलफॅन आहे. आम्ही बाहेरचे."

"अहो, एवढी पोरं दरवर्षी तुमचे आभार मानतात," आत्या मधेच म्हणाली. "एका वेळेला राहिलं तर काय झालं?"

सरांनी मागचं कपाट उघडलं. एक प्रबंध काढून वाचला, "आदरणीय मार्गदर्शकांचे बहुमोल मार्गदर्शन." दुसरा काढला. बहुमोल मार्गदर्शन. तिसरा काढला. "हे बघा. मागच्यांचं पुढचे उतरवतात. यात तर माझ्या आधी इथे होते त्या सरांचं नाव आहे, बदलायचंही राहिलं." त्यांनी कपाट लावलं. "काय केलं म्हणून आभार, हे आजवर कोणी लिहिलं नाही. इथे पहिल्यांदा वाचलं. शिडी कोणाची, कपाळ कोणाचं. फक्त मीच काही केलेलं दिसत नाही."

घड्याळाचा काटा पाचाकडे चालला होता. धाकटी एक पाऊल पुढे झाली.

"केलंय, सर. माझे पहिले सगळे आकडे चुकले तेव्हा मी ते खोडणार होते. तुम्ही म्हणालात, खोडू नकोस, चुकले म्हणून लिही. मग अख्खी दुपार तुम्ही प्रयोगशाळेत स्टूल धरून उभे होता, तिथल्या बंद पंख्याची पाती पुन्हा मोजताना मी पडू नये म्हणून. त्या दिवशी मी प्रोजेक्ट सोडणार होते. सोडला नाही."

सरांनी फूटपट्टी टेबलावर ठेवली. "मग हे लिहायचं होतं," ते म्हणाले, पण आवाज मऊ झाला होता.

"आत्ता लिहिते. पण पान भरलंय, सर."

सरांनी शेवटच्या ओळीखाली फूटपट्टी धरली. बरोबर एक इंच. त्यांचं नाव बसायला पानात जागाच नव्हती, आणि तो नियम त्यांनीच केला होता. त्यांनी फूटपट्टी आडवी धरून पाहिली, उभी धरून पाहिली. नियम तसाच राहिला.

"समासात लिही," ते शेवटी म्हणाले.

'लिही' ऐकल्याबरोबर बाबा खुर्चीत बसले आणि त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. धाकटीने पान आडवं फिरवून डावीकडच्या दीड इंचात पेनाने सगळं लिहिलं, चुकलेल्या आकड्यांपासून स्टुलापर्यंत, प्रत्येक प्रतीत. सरांनी प्रत्येक प्रत शाई वाळेपर्यंत उघडी ठेवली आणि मग सही केली.

"ए पंखा, पळ," ते म्हणाले. "कार्यालय बंद होईल."

धाकटी परीक्षा पास झाली आणि नोकरीला लागली. पुढच्या वर्षीच्या मुलांनी नमुना म्हणून तिचाच प्रबंध नेला. त्या वर्षी सरांच्या टेबलावर आलेल्या प्रत्येक प्रबंधात ऋणनिर्देशाच्या डाव्या समासात, पान आडवं फिरवून, पेनाने सरांचे आभार लिहिलेले होते. सगळ्यांचेच पहिले आकडे चुकलेले होते आणि सगळ्यांसाठी सरांनी स्टूल धरलेलं होतं. पाण्याच्या पंपावर प्रबंध लिहिणाऱ्या एका मुलाने तर आत्याच्या कपाळाचेही आभार मानले होते. आत्याने ते ऐकलं तेव्हा ती दिवसभर कोणाला टाकून बोलली नाही.

सरांनी ते सगळे प्रबंध शांतपणे घेतले. एकच परत पाठवला. त्यात समासातली ओळ समासाच्या बरोबर मधोमध नव्हती.