चेनला तेल घालू नये

घर शिस्तीवर चालतं, शिस्त धाकावर चालते, आणि धाक शेवटी कोणाच्या तरी पायांवर चालतो. माईंच्या घरात तो माईंच्या गुडघ्यांवर चालत असे.

गुडघ्यांनी राजीनामा दिला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "चालणं बंद, सायकल सुरू." दोन चाकांवर माईंचा विश्वास नव्हता (दोघांवर सोपवलेलं काम पडतंच), म्हणून मुलानं तीनचाकी आणली. पुढं दोन चाकं, मागं एक, आणि मध्ये आरामखुर्ची. तिच्यात पाठ टेकून आडवं व्हायचं, पाय समोर लांब करायचे आणि पायडल मारायचे.

"आडवं होऊन रस्त्यानं माणूस एकदाच जातं," माई म्हणाल्या. "आणि तेव्हासुद्धा पायडल दुसरे मारतात."

"बसून तर बघ गं, आई!"

बसल्या. उठवायला तिघं लागले. पण दुसऱ्या दिवसापासून माईंची सकाळची फेरी सुरू झाली, आणि तिचे घरावर झालेले परिणाम कोणालाही दिसण्यासारखे होते. माई परत येत तेव्हा सून ओटा पुसत असे, मुलगा शर्टाला इस्त्री करत असे आणि यजमान अंगणात हात वर-खाली करत उभे असत. एकूण नव्वद टक्के सुधारणा झाली असं माई सांगत. (उरलेले दहा टक्के म्हणजे यजमान.) धाकटी बहीण बोलवायची, "ये की महिनाभर राहायला." माई म्हणायच्या, "मी हलले की घर बसलंच म्हणून समज."

सदर वाहनाच्या तक्रारी किरकोळ होत्या. उजवा आरसा खड्डा आला की मान टाकी आणि मागच्या गाड्या दाखवायचं सोडून माईंची हनुवटी दाखवी. (आपली हनुवटी खालून बघण्याचा योग माईंना प्रथमच आला. ती थेट सासूवर गेली होती. सासूशी रक्ताचं नातं नसताना हे कसं झालं, याचा खुलासा मिळाला नाही.) डावा ब्रेक सोडायचा तिथं धरी आणि धरायचा तिथं सोडी, पण तशी माणसंही माईंनी सांभाळली होती. मोटारींना दिसावं म्हणून मागं उंच काठीवर लाल झेंडा लावलेला, तो वारा फिरला की तोंडावर येई.

खरी तक्रार चेनची. या जातीच्या सायकलीची चेन पायापासून पार मागच्या चाकापर्यंत, दोन साध्या सायकलींना पुरून उरेल एवढी. पायडल मारलं की ती किर्रर्र करी. कोपऱ्यावरच्या चढाला तर अशी ओरडे की झाडावरची पाखरं उठत.

मुलगा यंत्रांना लागणारं तेल बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. घरात तेलाचा थेंब येत नव्हता.

"तेलानं धूळ बसते, आई."

"आणि साडीला डाग पडतात, माई. ते निघत नाहीत," सून म्हणाली.

"नवीन आहे, रुळेल," यजमान म्हणाले.

या तिघांचं आजवर भाजीवरसुद्धा एकमत झालेलं नव्हतं. माईंनी ते शिस्तीच्या खाती जमा केलं.

मग एका सकाळी सायकलवाल्याच्या दुकानासमोरच चेन उतरली. त्यानं ती चढवली आणि न विचारता तेल सोडलं. "जा मावशी, आता मांजरालाही कळणार नाही."

खरंच कळलं नाही. कोपऱ्यावरचा चढ चढला, पाखरं बसलेलीच राहिली. माई फाटकातून आत आल्या, स्वयंपाकघराच्या मागच्या दारापाशी थांबल्या. या वाहनावर माणसाची नजर कुत्र्याच्या उंचीवर येते. दाराचा पडदा खालून हातभर आखूड होता. माईंना पाय दिसले.

सुनेचे पाय खुर्चीवर होते. मुलाचे पाय टेबलावर होते. (जेवायच्या.) आणि गॅससमोर, ज्यांना चाळीस वर्षं साखर कुठं ठेवतात ते माहीत नव्हतं, त्या यजमानांचे पाय होते.

"आलं घालू का गं अजून?" यजमान.

"घाला बाबा. तुमच्या हातचा चहा प्यायलाच उठते मी."

"बाबा, पण उशीर झाला, इस्त्री लावून ठेवू?" मुलगा.

"बस रे! कोपऱ्यावर किर्र होऊ दे. मग कप विसळायला भरपूर वेळ असतो. इतक्या दिवसांत एकदा तरी चुकलीय का तुझी आई?"

मग मुलानं माईंची नक्कल केली, हनुवटीसकट. तिघंही हसले. यजमान तर असे हसले की त्यांना ठसका लागला. माईंनी तो आवाज ओळखला नाही. लग्नात ऐकला असावा.

माईंनी तोंड उघडलं. एक हाक पुरली असती. तिघंही ताडकन उभे राहिले असते, आणि पुन्हा असे एकत्र कधी बसले नसते.

माईंनी तोंड मिटलं.

तीनचाकीला मागं जाणं येत नाही. माईंनाही येत नव्हतं. त्या दिवशी दोघी शिकल्या. दोन्ही हातांनी चाकं उलटी ढकलत माई फाटकाबाहेर आल्या, कोपऱ्यापर्यंत गेल्या, पदर सावरला आणि आडव्या पडल्या पडल्या स्वतःच्या तोंडानं ओरडल्या, "किर्रर्र!"

पाखरं उठली. घरात भांडी वाजली.

माई आत आल्या तेव्हा ओटा पुसला जात होता, इस्त्री फिरत होती, यजमान हात वर-खाली करत होते. सगळं जागच्या जागी.

"आई, आज चेन जरा घोगरी वाटली," मुलगा काळजीनं म्हणाला. "तेल घालायचं का?"

"नको," माई म्हणाल्या. "धूळ बसते."

आता माई रोज कोपऱ्यावर थोडं थांबून, चहा संपला असेल असा अंदाज घेऊन मगच ओरडतात. शिस्तीत तसूभर फरक नाही. नव्वद टक्के म्हणजे नव्वद टक्के.

तुमच्याही घरात तुम्ही पाऊल टाकता तेव्हा सगळे कामाला लागलेले असतात, असं तुम्ही चारचौघांत सांगता. असतीलच. फक्त फाटकाशी आल्यावर तुम्हाला खोकायची सवय आहे ना, ती मोडू नका.