पडण्याचे पन्नास नमुने

बाबा बाथरूममध्ये घसरले आणि ताईने फोनवरच निकाल दिला, "रविवारी येते आणि बाबांना माझ्याकडे घेऊन जाते." बाबांना साधं खरचटलंही नव्हतं. पण ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे आणि तिच्यापुढे माझं आजवर काही चाललेलं नाही. (बायकोपुढे चालतं असं मी म्हटलेलं नाही.)

बाबांना जायचं नव्हतं, आणि त्यांच्याशिवाय घर ही कल्पनाच मला सहन होईना. तेव्हा मी ठरवलं, बाबा पडले की सगळ्यांच्या फोनवर मेसेज जाईल असा मनगटी पट्टा बनवायचा. पट्ट्यात नखाएवढी चिप. तिला माणसाच्या हालचाली दाखवत राहिलं की चालणं कोणतं, पडणं कोणतं, हे ती आपलं आपण शिकते. याला मशीन लर्निंग म्हणतात, असं आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याने मला जेवणाच्या सुट्टीत समजावलं होतं.

"पडण्याचे निदान पन्नास नमुने लागतील," मी म्हणालो.

"आणि पडणार कोण?" बायकोने विचारलं.

बाबांना पाडणं काही बरं दिसलं नसतं. मी हॉलमध्ये दोन गाद्या टाकल्या, पट्टा बांधला आणि कामाला लागलो. पण जाणूनबुजून पडणं सोपं नसतं हो! गादीच्या कडेला जायचं, पाय पुढे-मागे करायचे, हात झटकायचे, "पडू?" म्हणून विचारायचं...

"पड एकदाचा!" बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता ओरडायची. मग मी पडायचो. असं पन्नास वेळा. (खालच्या मजल्यावरच्या वकीलबाई तीनदा वर येऊन गेल्या.)

रविवारी ताई आली. पट्टा बाबांच्या मनगटावर होता. माझं बूड सोफ्याला टेकत नव्हतं. उठत होतो, खिडकीशी जात होतो, परत येत होतो. बाबा मात्र निवांत पेपर वाचत होते. थोड्या वेळाने ते कप ठेवायला उठले. चप्पल सापडेना म्हणून त्यांनी पायाने जरा चाचपलं, आणि आम्हा तिघांचे फोन एकदम किंचाळले, 'बाबा पडले!'

"कुठे पडले?" ताईने विचारलं.

"मी उभा आहे," बाबा म्हणाले.

पुढच्या अर्ध्या तासात बाबा सात वेळा 'पडले'. एकदा चष्मा शोधताना, एकदा टीव्ही लावावा की नाही या विचारात. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चिप पडणं शिकलीच नव्हती, ती माझं पडण्याआधीचं घुटमळणं शिकली होती!

"खरं पडणं ओळखतो तो! थांब, दाखवतो," म्हणत मी पट्टा स्वतःला बांधला. गाद्या आणायला घाईघाईत वळलो, स्टुलात पाय अडकला आणि दाणकन आडवा झालो. अजिबात न घुटमळता. फोन तिन्ही गप्प. पाहिलं तर लिहिलं होतं, 'बाबा चालत आहेत.'

बाबांनीच मला हात देऊन उठवलं, घोट्याला बर्फ लावला, पायाखाली उशी दिली. ताई हे सगळं बघत होती.

"बाबा, तुम्ही इथेच राहा," ती शेवटी म्हणाली. "याला सोडून तुम्ही येणार तरी कसे?"

"मीही तेच म्हणते," बायको म्हणाली.

आनंदाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (घोटाही दुखत होता.)

आता ताई रोज बाबांना फोन करते. मी शेजारीच बसलेला असतो. बाबा सांगतात, "नाही गं, आज नाही पडला."