पक्ष्यांची लेन्स

"कॅमेऱ्याची बॅग मी भरते," असं मी एका बुधवारी दुपारी म्हणाले. मला कुणी विचारलं नव्हतं. पण आमचे हे गेले तीन दिवस तीच बॅग भरत होते, आणि माझ्या पलंगावर ठकीला निजवायला जागा उरली नव्हती.

ठकी म्हणजे आमची मुलगी, अकरा महिन्यांची. आणि ह्यांचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ आहे. एक स्टूल, एक पांढरा पडदा, एक आरसा आणि आरशाला दोरीनं बांधलेला कंगवा. "हनुवटी वर, हसू नका," हे वाक्य हे गेली नऊ वर्षं दिवसातून तीसेक वेळा म्हणतात. कधी कधी जेवतानासुद्धा म्हणतात. त्यामुळे जेव्हा डोंगरावरच्या एका गेस्ट हाउसच्या मालकीणबाईंनी आठ खोल्यांचे फोटो काढायला बोलावलं, वर बायकामुलांनाही घेऊन या म्हणाल्या, तेव्हा ह्यांनी त्या दिवशीच्या शेवटच्या गिऱ्हाइकाला हसू दिलं. (तो फोटो पासपोर्ट ऑफिसातून परत आला.)

काम पसंत पडलं तर मालकीणबाईंच्या बहिणीचीही दोन गेस्ट हाउसं होती. पांढऱ्या पडद्याकडे हे आता पाहुण्यासारखे बघायला लागले होते.

अडचण एकच. डोंगरावर जाणारी मिनीबस माणशी एकच बॅग घेते, आणि तीही सात किलोंची. मांडीवरच्या बाळाला बॅग नाही. म्हणजे मोठ्या माणसांच्या दोन बॅगा, ज्यांतली एक कॅमेऱ्याची, आणि उरलेल्या सात किलोंत आम्ही तिघं.

माझ्याकडे वजनकाटा आहे. ठकीला झोळीत घालून टांगायचा, हुकाचा. दर रविवारी मी वजन वहीत लिहिते आणि पन्नास ग्रॅम इकडेतिकडे झालं की डॉक्टरबाईंकडे जाते. (हल्ली मला दारात बघितलं की डॉक्टरबाई आधी स्वतः पाणी पितात.) त्या काट्याला मी ह्यांची बॅग टांगली. आठ किलो चारशे.

"ठकीला गाठलं की ह्या बॅगेनं," सासूबाई म्हणाल्या. त्या येणार नव्हत्या, त्यामुळे मोकळेपणानं बोलत होत्या.

"अहो, ह्यातलं एक तरी काढा," मी म्हटलं.

"काय काढू? ही चेहऱ्यांची लेन्स. ही कॅमेऱ्यावरच असते. ही खोल्यांची. हिच्यातून लहान खोली मोठी दिसते. आणि ही लांबडी पक्ष्यांची."

"गेस्ट हाउसमध्ये पक्षी उतरतात का?"

"मागे तळं आहे."

"मालकीणबाईंनी पक्षी सांगितलेत?"

"तळं आहे म्हटल्यावर पक्षी असणारच. तुला नाही कळायचं."

मला एवढंच कळत होतं की पक्ष्यांची लेन्स दीड किलोची आहे, आणि ठकीचा उकळलेल्या पाण्याचा थर्मास भरून बरोबर दीड किलो होतो. डोंगरावरचं पाणी कसं असेल कोण जाणे. थर्मासशिवाय मी घराबाहेर चार दिवस काढणार नव्हते, आणि कपड्यांच्या बॅगेत थर्मास जात नव्हता. (तिच्यात दोन थर्मामीटर होते. एक चुकलं तर दुसरं.)

आता ह्यांची कामाची पद्धत सांगायला हवी. लेन्सच्या पिशव्या आमच्या घरात कुणी उघडायच्या नाहीत, कारण आत धूळ जाते. कोणती लेन्स कुठे हे पिशवीवरून ओळखायचं. लांब पिशवी पक्ष्यांची, बुटकी पिशवी खोल्यांची. बुटकी पिशवी दोन महिन्यांपासून हरवली होती. एक चष्मेवालं गिऱ्हाईक ती उचलून घेऊन गेलं, अशी ह्यांची खात्री होती, आणि त्या माणसाला हे रोज नवं काहीतरी म्हणत. मी ऐकून घेत असे. (पिशवी माझ्याकडे होती. ठकीची दुधाची बाटली तिच्यात अशी फिट बसते की दूध दीड तास कोमट राहतं. सांगणार होते. पण चष्मेवाल्यावर प्रकरण बरंच पुढे गेलं होतं.) तेव्हापासून खोल्यांची लेन्स ह्यांच्या मफलरात गुंडाळलेली असायची.

गुरुवारी सकाळी हे स्टुडिओत गेल्यावर मी बॅग उघडली. मफलराची गुंडाळी जागच्या जागी होती. म्हणजे खोल्या सुरक्षित. मग मी लांब पिशवीतून टॉवेलात बांधलेली लेन्स काढली, टॉवेल न सोडता, कारण धुळीच्या बाबतीत मी ह्यांच्यापेक्षा कडक आहे. ती मला वाटली होती तेवढी जड लागली नाही. अकरा महिने ठकीला कडेवर घेऊन आपला हात तयार झालाय, असं मी मनाशी म्हटलं आणि लेन्स ठकीच्या कपाटात लंगोटांखाली ठेवली. लांब पिशवीत थर्मास घातला. बाहेरून काही कळत नव्हतं. पक्षीच वाटत होते. (वजन जेवढ्यास तेवढंच राहणार, हे मला मिनीबसच्या रांगेत सुचलं.)

शुक्रवारी मिनीबसच्या खिडकीवरच्या कारकुनानं बॅग काट्यावर ठेवली.

"सात किलो शंभर."

"सातच्या वर कसं झालं?" हे म्हणाले. त्यांचा चेहरा खरंच गोंधळलेला होता. "कमी व्हायला पाहिजे होतं."

"सगळ्यांनाच तसं वाटतं," कारकून म्हणाला आणि शंभर ग्रॅम सोडून दिले.

हे माझ्याकडे बघायला लागले. मी डोंगराकडे बघितलं.

गेस्ट हाउस नीटनेटकं होतं. मालकीणबाई उंच, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, बोलणं मोजकं. "फोनवर सांगितलं होतं, खोल्या मोठ्या नाहीत," त्या म्हणाल्या.

"तुम्ही बघाच. मैदान दिसेल, मैदान," हे म्हणाले.

"हं," मालकीणबाई म्हणाल्या. तो हं मला आवडला नाही, पण तेव्हा मी ठकी काय चाटतेय ते बघत होते. (किल्ली.)

दुसऱ्या दिवशी सकाळी एक नंबरच्या खोलीत ह्यांनी बाह्या सरसावल्या, बॅग उघडली, लांब पिशवीची दोरी ओढली आणि आत हात घातला. मग हात तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"गरम पाणी."

"लेन्स कुठाय?"

"पक्ष्यांची ना? घरी ठेवली. तुम्हाला सांगणार होते."

"पक्ष्यांची मीच घरी ठेवली!"

"तुम्ही कशी ठेवाल? मी ठेवली."

"अगं, बुधवारी रात्री मीच काढली. म्हटलं, तुझा तो थर्मास तुझ्या बॅगेत जात नाहीये, आपल्या बॅगेत थोडी जागा करून देऊ. सकाळी सांगणार होतो. आणि पिशवी मोकळी झाली म्हणून खोल्यांची तिच्यात घातली. बुटकी तर त्या चष्मेवाल्यानं—"

"मग मफलरात काय आहे?"

"मफलर."

"नुसताच?"

"थंडी असते डोंगरावर!"

मी मफलर उलगडून पाहिला. खरंच नुसताच होता.

एवढं झाल्यावर दुसऱ्या घरात भांडण झालं असतं. आमच्याकडे हे पलंगाच्या कडेवर बसले आणि कॅमेऱ्यावरच्या त्या एकुलत्या एका लेन्सकडे बघत राहिले. चेहऱ्यांची लेन्स. नऊ वर्षं त्यांनी तिच्यातून हनुवट्या बघितल्या होत्या. "म्हणजे इथंही तेच," एवढंच ते म्हणाले. त्यापेक्षा ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

मग ते उठले आणि मागे सरकायला लागले. ही लेन्स डोळ्याला लावली की खोलीतलं एवढंसंच दिसतं, म्हणून जितकं मागे जाता येईल तितकं जायचं. हे भिंतीला टेकले. कपाटाचं दार उघडून कपाटात उभे राहिले. तिथून बाथरूममध्ये गेले, बेसिनवर अर्धे बसले. उशी आली तर खिडकी येईना, खिडकी आली तर पलंग जाई. शेवटी ते माळ्याची शिडी घेऊन बाहेरून खिडकीशी चढले. तेवढ्यात मालकीणबाई दारात आल्या.

"हे खिडकीत काय करतायत?"

"अँगल," मी म्हटलं. हा शब्द मी नऊ वर्षांत पहिल्यांदाच वापरला.

त्या गेल्यावर मी ठकीला घेऊन खाली फोनकडे धावले आणि घरी सासूबाईंना फोन लावला. मिनीबस रविवारी परत येणार होती. तिच्याबरोबर कुणी लेन्स पाठवली तर अजून दोन दिवस हातात होते.

"आई, ठकीच्या कपाटात लंगोटांखाली टॉवेल आहे. पटकन बघा."

"तो टॉवेल? धुवायला टाकला मी."

"आणि आत जे होतं ते?"

"ती काळी बरणी? आहे की. पण काही कामाची नाही गं, झाकण नीट बसत नाही तिचं. बटणं ठेवलीत तिच्यात."

"त्यात बटणं मावतात?" मी विचारलं. (तशा वेळी माणूस काहीही विचारतो.)

"मावत नाहीत. वर वरच राहतात. म्हणून तर म्हटलं, कामाची नाही."

लेन्सचा विचार मी तिथंच सोडला. फोन ठेवला आणि टेबलावरची पाहुण्यांच्या अभिप्रायांची वही ओढली. वाचनाची हौस म्हणून नाही. थर्मासातलं पाणी संध्याकाळी संपणार होतं आणि इथलं पाणी पिऊन कुणाचं पोट बिघडलं होतं का, ते मला बघायचं होतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट ठेवून वाचलं. एकाचंही पोट बिघडलं नव्हतं. सगळ्यांचं डोकं बिघडलं होतं. 'फोटोतली खोली कुठे आहे?' 'फोटोत पाहिलेला सोफा खुर्ची निघाला.' एकानं तर चार नंबरची खोली पावलांनी मोजून लांबीरुंदी लिहिली होती आणि खाली सही केली होती.

मी परत वर आले. ह्यांना काही सांगितलं नाही, कारण ह्यांना ऐकू येत नव्हतं. ते जमिनीवर पालथे पडले होते आणि जे मावेल ते काढत होते. उशीचा कोपरा. खिडकीच्या काचेवरचं ऊन. पांढऱ्या चादरीवर ठकीचा एक पाय. मग त्यांनी थर्मास खिडकीत ठेवला, मला म्हणाले, "ओत जरा कपात. वाफ येऊ दे. थांब. परत ओत." त्यांच्या आवाजात हळूहळू धार आली होती. आठ खोल्यांत मी आठ वेळा पाणी ओतलं. ठकीसाठी आणलेलं ते उकळलेलं पाणी सगळं वाफेसाठी गेलं, आणि ठकी स्वयंपाकघरातलं पाणी पेल्यानं प्यायली. मी चोवीस तास तिच्याकडे टक लावून बघत होते. काहीही झालं नाही. (घरी आल्यावर वजन केलं. दीडशे ग्रॅम वाढली होती.)

रविवारी संध्याकाळी मालकीणबाई फोटो बघायला बसल्या. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर हे एक एक फोटो पुढे सरकवत होते. उशी. ऊन. पाय. वाफ. त्या पुढे सरकवा म्हणेनात की मागे न्या म्हणेनात. शेवटी म्हणाल्या, "ह्यात खोली कुठे आहे?"

हे पांढऱ्या पडद्यासारखे झाले. माझ्या डोळ्यांपुढे तो आरसा आणि दोरीचा कंगवा आला.

"खोली येऊन बघावी," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण मला तो ओळखू आला नाही. "फोटोत सगळी दाखवली की लोक खाली वहीत लिहितात."

किल्ल्या वाजायच्या थांबल्या. "वही वाचलीत तुम्ही?"

"पाण्यासाठी."

"पाण्याला काय झालं आमच्या?"

"काही नाही. तेच बघत होते."

मालकीणबाईंनी कॅमेरा हातात घेतला आणि सगळे फोटो पुन्हा पहिल्यापासून पाहिले. "मागच्या फोटोवाल्यानं आठ नंबरची खोली एवढी मोठी दाखवली," त्या सावकाश म्हणाल्या, "की एक गृहस्थ सायकल घेऊन आले. आत ठेवतो म्हणाले. सायकल गेली आत. पण मग गृहस्थ बाहेर." एवढं बोलून त्यांनी आणखी एकदा वाफ पाहिली. "बहिणीकडेही असंच काढा. खोली दिसता कामा नये."

ह्यांनी मान डोलावली. परतीच्या मिनीबसमध्ये मात्र ते शेजारच्या माणसाला म्हणाले, "मी मुद्दामच एक लेन्स घेऊन निघतो. नवीन लोक भारंभार नेतात." मी ठकीच्या कपाळाला हात लावून बघत बसले.

महिन्याभरानं छापील पुस्तिका आली. घरात पहिल्यांदा ती सासूबाईंनी बघितली, भिंग घेऊन, पान न पान. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आठही फोटोंत थर्मास होता, आणि थर्मास धरलेला हात माझा होता. कोपरापर्यंत का होईना, मी छापून आले होते. ह्यांचं काम वाचलं ते एका अर्थी माझ्यामुळेच, असंही मला हल्ली वाटायला लागलं होतं, आणि त्याबद्दल कुणी काही म्हणतंय का याची मी वाट बघत होते.

"हा हात तुझा ना गं?" सासूबाईंनी विचारलं.

"हो आई," मी म्हटलं आणि पदराला हात पुसत पुढे झाले.

"वाटलंच," त्या म्हणाल्या आणि भिंग खाली ठेवलं. "आठही ठिकाणी झाकण उघडं टाकलंयस. धूळ नाही का जात?"