परत न आलेली वाफ

भालूशेठ कासारांच्या हॉटेलातून पार्सलबरोबर गेलेली वाफ दिवेलागणीच्या आत परत येई. शटरखालून आत शिरे आणि चहाच्या किटलीवर आपल्या जागी जाऊन बसे. करमाळ्यात याचं कुणाला नवल नव्हतं. झाकणाला दोन भोकं पाडायची. वाफ मोकळी होते, भजी कुरकुरीत पोचतात आणि वाफ आपली घरी येते. धंदा म्हणजे एवढंच, असं भालूशेठ गिऱ्हाइकाला चहा पाजत सांगायचे.

त्या दिवशी मात्र दिवे लागून गेले तरी कांदाभज्यांची वाफ आली नाही.

"मामा, भजी कुठल्या डब्यात दिली होती?"

आचारी गेनूमामांनी झारा खाली ठेवला. "त्या नव्या, घट्ट झाकणाच्या. तुम्हीच म्हणालात, भोक पाडलं की शोभा जाते."

भालूशेठना घाम फुटला. एक जरी वाफ बाहेर राहिली, तर दुसऱ्या दिवशी शेगडी तापत नाही. त्यांच्या सासऱ्यांची एक वाफ पूर्वी कुर्डुवाडीत कुणाच्याशा डब्यात अडकली होती. ती सुटेपर्यंत सासरे लिंबू सरबत विकत बसले होते, तेही ऐन थंडीत. आणि उद्या तर आठवडी बाजार!

दोघे स्कूटरवर बसून, भजी नेलेल्या वैजयंतीबाई थिट्यांच्या दारात हजर झाले.

"बाई, भजी उघडलीत का?"

"कुठली! दिरांची गाडी चुकली, उद्या येतायत. डबा फ्रिजमध्ये ठेवलाय."

"फ्रिजमध्ये!" भालूशेठ पायरीवरच बसले.

डबा उघडला. भजी पार मऊ पडली होती. झाकणाच्या आतल्या अंगाला वाफ थेंब होऊन चिकटली होती आणि कुडकुडत होती.

"एवढंच ना? झाकण गॅसवर धरते, होईल मोकळी," बाई म्हणाल्या.

"नका, नका! तुमच्या गॅसवर तापली की ती तुमच्या घरची झाली. मग कुठल्या तोंडानं मागू?"

"मला काय करायचीय हो तुमची वाफ? आमच्या कुकरचीच आवरत नाही."

उद्या ताजी भजी पाठवायचं कबूल करून भालूशेठ झाकण घेऊन निघाले. मागच्या सीटवर गेनूमामांनी ते दोन्ही हातांत आडवं धरलं होतं.

"शेठ, खड्डा!"

"दिसतोय."

"दिसतोय तर चुकवा की!"

एक थेंब मामांच्या धोतरावर सांडलाच. भालूशेठनी स्कूटर आणखी हळू केली. मागून पायी येणारा माणूससुद्धा त्यांच्या पुढे निघून गेला.

हॉटेलात शेगडीला आजची धग अजून होती. तिच्यावर आधी झाकण धरलं, मग मामांच्या धोतराचा सोगा. थोडा वेळ काहीच होईना. भालूशेठ नुसते किटलीकडे बघत राहिले. मग वाफ हळूच उठली, खोकली आणि जागेवर जाऊन बसली.

भालूशेठनी कपाळ पुसलं. तेवढ्यात पायांना गार लागलं. वाफेच्या मागोमाग कुणीतरी शटरखालून आत आलं होतं आणि माठाजवळ संकोचून उभं होतं.

फोन वाजला. थिटेबाई होत्या.

"शेठ, आमचा फ्रिज गार होत नाहीये हो. आमचा गारवा तुमच्याकडे आलाय का?"

"आलाय बाई. माठाजवळ उभाय. जिवाला घोर लावून घेऊ नका, आत्ता पाठवतो."

त्यांनी फोन ठेवला. "मामा, तो नवा डबा काढा."

"भोकं पाडू?"

"छे!" भालूशेठ म्हणाले. "हा माल घट्ट झाकणाचाच."