श्रीमंत पैलवानाचे शंभर जोर

श्रीमंत पैलवानाने तालीम सोडून बारा वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात त्याचं पोट त्याच्या चार पावलं पुढे चालायला लागलं होतं. तरी यात्रेत कुस्त्यांचा नारळ फोडायचा मान त्याचाच. यंदा मात्र सरपंच आप्पासाहेबांनी चारचौघांत पुडी सोडली, "ज्याच्या अंगात रग हाय, त्यानं नारळ फोडावा. न्हाईतर तालमीतल्या छगनला देऊ."

श्रीमंतला ते झोंबलं. "उद्या सकाळी मारुतीम्होरं शंभर जोर मारतो. बघायला या."

"जेवून उठताना भिताड धरावं लागतं," बायको मनकर्णा घरी म्हणाली. पण बायकोचं ऐकलं तर तो पैलवान कसला?

लोक यायच्या आत थोडा सराव करावा म्हणून तो तांबडं फुटायलाच देवळापुढे पोचला. दोन जोर झोकात झाले. तिसऱ्याला कमरेत लचक भरली आणि गडी पालथा पडला तो पडलाच. मारुतीराया समोरून बघत राहिले.

तेवढ्यात मालनबाई आल्या. दुष्काळाचं साल, टँकरच्या पाण्यातलं तांब्याभर पाणी त्यांनी देवासाठी राखलं होतं.

"श्रीमंता, लोटांगण घालतूस व्हय? पावसासाठी?"

कमर धरली म्हणावं तर नारळ गेला. "व्हय, काकी," श्रीमंत मातीत तोंड खुपसून म्हणाला.

झालं. काकींनी अर्धा तांब्या त्याच्याच अंगावर ओतला आणि गाव गोळा केलं. जोर बघायला आलेल्या छगनने खांद्याकडून धरलं, दुसऱ्याने पायाकडून, आणि पैलवानाला लोळवत देवळाला फेऱ्या सुरू झाल्या. तो "मेलो" म्हणून बोंबलला की लोक बजरंगबलीचा जयजयकार करत.

तिसऱ्या फेरीला कमरेत कट्कन वाजलं आणि लचक निघाली. श्रीमंत ताडकन उभा राहिला. "आता मोजा जोर," तो म्हणाला.

आप्पासाहेबांनी हात जोडले. "पैलवान, तुमी आता देवाचं मानूस. पाऊस पडंस्तवर रोज तीन फेऱ्या. नारळाचं छगन बघंल."

श्रीमंतचा धीर सुटला. "आवो, पावसाचं कुटलं, माझी कमर धरली हुती."

"बघा, मोठेपना घेत न्हाई," म्हणत मालनबाईंनी डोळ्याला पदर लावला.

घरी मनकर्णाने कमरेला तेल चोळलं. "माझा इस्वास हाय तुमच्यावर," ती म्हणाली. "कमरच धरली असनार. उद्या फेऱ्यांना किती वाजता उठवू?"