कपाटातली बकरी

पुस्तक ही संपत्ती आहे, आणि संपत्ती कुलपात ठेवावी लागते. हे ज्यांना पटत नाही त्यांच्याकडे एकतर संपत्ती नसते, नाहीतर पुस्तक नसते. केशोरीच्या अलीकडच्या आमच्या गावात दोन्ही नव्हते, म्हणून आम्हाला ते उशिरा पटले. गेल्या पावसाळ्यात शाळेला इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांचे लोखंडी कपाट आले आणि पटण्याची सोय झाली.

कपाटाबरोबर परिपत्रक होते. त्याचा सारांश असा की, मुलांनी आवडेल ते पुस्तक, आवडेल तितके, निव्वळ आनंदासाठी वाचावे. वाचलेल्या पुस्तकाबद्दल शाळेतच, तपासणीला येणाऱ्या साहेबांसमोर, इंग्रजीत बोलावे. बोलण्याला गुण मिळतील (आनंदाला मिळणार नाहीत). शेवटी जाड ठशात लिहिले होते की पुस्तक फाटल्यास, मळल्यास अथवा हरवल्यास मुख्याध्यापक जबाबदार राहतील. आमचे मुख्याध्यापक केवलराम गुरुजी अत्यंत जबाबदार गृहस्थ आहेत. त्यांनी जाड ठशातले आधी अमलात आणले.

कपाटाला दोन कुलपे लागली. एक किल्ली गुरुजींकडे, दुसरी शाळा समितीचे अध्यक्ष दुलीचंद यांच्याकडे. एकट्याला कपाट उघडता येऊ नये, हा हेतू. पारदर्शकता म्हणतात ती हीच. या व्यवस्थेमुळे पुस्तके फाटण्याचे प्रमाण शून्य टक्क्यांवर आले आणि ते तिथेच स्थिर आहे. समितीत ज्येष्ठ महिला म्हणून मीही आहे. ठराव झाला की चहा सांगणे माझ्याकडे असते.

आमच्या वेळी असली शिस्त नव्हती. आमचे वाचन बाजाराच्या दिवशी व्हायचे. भज्यांची पुडी सोडली की आतला कागद वाचायचा. राक्षस राजकन्येला पळवून नेई, गुहेपाशी पोचे, आणि तिथे तेलाचा डाग येई. त्या राजकन्येचे पुढे काय झाले ते मला अजून कळलेले नाही. पण त्या कागदाला कोणी कुलूप लावले नाही, आणि वाचून झाल्यावर बोटे चाटता येत. सध्याच्या उपक्रमात तशी तरतूद नाही.

वाचन झाल्याचा पुरावा म्हणून फोटो वर पाठवायचे होते, त्यामुळे एक दिवस कपाट उघडावे लागले. प्रत्येक मुलाने हात धुवून यायचे, पुस्तक धरायचे, मान खाली, चेहरा आनंदी, फोटो, पुस्तक परत. सगळे सुरळीत चालले होते. माझ्या शेजारची रुची, सातवीतली, तिचा फोटो मात्र जाईना. रेंज नव्हती. गुरुजी मोबाइल घेऊन तलावाच्या उंच पाळीवर, म्हणजे बांधावर, चढत, खाली येत, पुन्हा फोटो काढत, पुन्हा चढत. तोवर रुची पुस्तक धरून बसलेली. नुसते धरून काय करायचे म्हणून तिने ते वाचले. (असे पुन्हा घडू नये म्हणून यापुढे फोटो पाळीवरच काढावेत, अशी सूचना झाली आहे.)

गोष्ट एका बकरीची होती. गवत खात खात ती नदीकाठच्या बोटीत चढते. बोट सुटते. काठावर तिचे पिल्लू उभे राहून ओरडू लागते. इथे रुचीचा फोटो गेला आणि गुरुजींनी पुस्तक मिटले.

रुचीने हे मला सांगितले, मी धानाच्या रोवण्याच्या बायकांना सांगितले, आणि दोन-चार दिवसांत बकरी सगळ्या गावाची झाली. चिखलात वाकून रोवणा करताना दुसरा विषय नसे. मालकाने बकरी बांधली काऊन नाही, इथपासून पिल्लू दूध कोणाचे प्यायले असेल इथपर्यंत चर्चा होई. माझे मत पडले की बोटवाला परत येईल, कारण पूर्वीचे बोटवाले तसे होते. यशोदाबाईंनी मात्र कमर सरळ करून निकाल दिला, “बोटीवरल्या लोकायनं कापली असन. फुकट बकरी कोन सोडते वं?” त्या दिवशी रुची जेवली नाही. तेव्हा बकरी जिवंत आहे असे धरून चालायचे बायकांनी ठरवले. यशोदाबाईंनीही मग फार ताणले नाही.

रुची दर शनिवारी गुरुजींपुढे उभी राही.

“गुरुजी, राहिलेलीच पानं वाचू द्या ना जी.”

“फाटलं तं?”

“नाई फाटत जी.”

“सगळे असंच म्हनतात. अन् तुले परीक्षा बोलायची आहे माय, वाचायची नाई. ध्यान तिकडं ठेव.”

गुरुजींचे म्हणणे तर्काला धरून होते. परिपत्रकात गुण कशाला आहेत, ते सर्वांनी वाचले होते.

माघात साहेब येणार असे कळले आणि गुरुजींची झोप उडाली. मुलांना इंग्रजी येत होते, पण ते तोंडातून बाहेर येत नव्हते. यावर आमच्या झाडीपट्टीत फार जुना उपाय आहे. धान निघाले की इकडे गावोगाव नाटके लागतात. नट दुपारी गावात उतरतो आणि संध्याकाळी राजा होतो, पाठांतराला वेळ नसतो. म्हणून मंचासमोर प्रॉम्प्टर बसतो. सगळे नाटक आधी तो बोलतो, मग नट बोलतात. प्रेक्षकांना गोष्ट दोनदा ऐकायला मिळते आणि तिकीट एकाच खेळाचे पडते. आमच्या गावचा परसराम हा या धंद्यातला जुना माणूस. त्याच्या तोंडचे नाटक पुढच्या गावालाही ऐकू जाते.

परसरामला इंग्रजी येत नाही, पण त्याने ही अडचण मानली नाही. नटाला तरी कुठे काय येते, असे तो म्हणाला. गुरुजींनी मुलांची उत्तरे मराठी अक्षरांत लिहून दिली. ती पाहून परसराम रुसला. “एकाच बाजूचं पुस्तक मी धरत नाई जी. साहेबाचं बोलनं कोठं आहे?” साहेब स्वतःचे स्वतः बोलतील, असे गुरुजींनी सांगून पाहिले. असे म्हणणारे पुष्कळ नट मी पाहिले, असे उत्तर आले. शेवटी गुरुजींनी साहेबांचेही प्रश्न लिहिले आणि कुठे काय अपेक्षित आहे ते कंसात घातले. परसरामला बसायला जागा लोखंडी कपाटामागे मिळाली. वाचनाच्या उपक्रमात कपाटाचा हा पहिला प्रत्यक्ष उपयोग.

साहेब आले. त्यांचे इंग्रजी नावाजलेले होते, म्हणजे ते कोणी ऐकलेले नव्हते. खिडक्यांत बायकांची गर्दी होती, कारण इंग्रजी समजले नाही तरी बकरी समजणार होती. पहिला मुलगा उभा राहिला. साहेबांनी घसा साफ केला, “व्हॉट” म्हणाले, पुन्हा “व्हॉट” म्हणाले, आणि छताकडे पाहू लागले.

मंचावरची शांतता परसरामला सहन होत नाही. कपाटामागून स्वच्छ आवाज आला, “व्हॉट इज युवर नेम.”

“व्हॉट इज युवर नेम?” साहेब म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असे समाधान पसरले की पुढे त्यांनी एकही प्रश्न स्वतः विचारला नाही. कपाट विचारी, मग साहेब विचारत. कपाट उत्तर देई, मग मूल देई. मध्येच परसरामने “साहेब खूश होतात” हे कंसातलेही वाचले, आणि साहेब खूश झाले. एवढी निर्दोष परीक्षा मी पाहिलेली नाही. आमच्या वेळी मास्तरांच्या हातात छडी असायची, प्रश्नही तीच विचारायची, आणि तिला प्रॉम्प्टर लागत नसे.

शेवटी रुची उभी राहिली. बकरी उपयुक्त प्राणी आहे, ती दूध देते, बकरी बोटीत चढली, असे तिने आवाजामागोमाग इंग्रजीत सांगितले. तिथे संहिता संपली. पण बोटीत चढलेली बकरी साहेबांनाही सोडवेना. त्यांनी आपणहून विचारले, “देन?”

परसरामने पान उलटले. पान कोरे होते. प्रॉम्प्टर थांबला की नाटक थांबते, तशी शाळा थांबली. गुरुजींनी डोळे मिटले.

रुचीने कपाटाकडे पाहिले आणि स्वतःच्या आवाजात सांगितले, “आय डोन्ट नो, सर. गोट इज इन बोट. बोट इज इन बुक. बुक इज इन कपबोर्ड. कपबोर्ड इज लॉक. यू ओपन, सर. आय रीड, आय टेल.”

“काय म्हनून राहिली वं?” खिडकीतून यशोदाबाईंनी विचारले.

“बकरी सोडा म्हनते,” मी सांगितले.

साहेब उभे राहिले. त्यांनी टाळ्या वाजवल्या, रुचीला पैकीच्या पैकी गुण दिले आणि कपाट उघडा म्हणाले. गुरुजींनी आपले कुलूप काढले. दुसरी किल्ली दुलीचंदच्या करदोड्याला होती, आणि करदोड्यासह दुलीचंद कचारगडच्या जत्रेत चहाचे दुकान लावून बसला होता. फोन लागेना. कुलूप तोडावे तर तीही शासकीय मालमत्ता. साहेबांनी घड्याळ पाहिले, अहवाल लिहिला आणि गेले.

अहवाल उत्तम आहे. संभाषण उत्कृष्ट. वाचन त्याहून उत्कृष्ट, कारण इतकी नवीकोरी पुस्तके कुठल्याच शाळेत आढळली नाहीत. म्हणून आमच्या कपाटाची ‘आदर्श वाचन कपाट’ म्हणून प्रदर्शनासाठी निवड झाली. दुलीचंद परतण्याच्या आदल्या दिवशी टेम्पो येऊन कपाट घेऊन गेला. ते अजून फिरते आहे. किल्ली अजून करदोड्याला आहे. पारदर्शकतेला कुठेही धक्का लागलेला नाही.

रुची माझ्या ओसरीवर येऊन बसली. “आजी, ते पिल्लू अजून तेथंच उभं असन ना?”

मी तिला माझ्या राजकन्येचे सांगितले. मोठे होता होता सवय होते, म्हटले.

ती म्हणाली, “तुमच्या कागदावर तं तेल सांडलं होतं. माह्या पुस्तकाले काय झालं?”

मी परिपत्रक पुन्हा काढून पाहिले. त्यात उत्तर नव्हते.

मग मी चौकशी केली. ते पुस्तक दुर्मिळ नाही असे समजले. त्याच्या पुष्कळ प्रती चांगल्या शिकलेल्या घरांत गेल्या आहेत, मुलांनी वाचावे म्हणून. तुमच्याकडेही असेल. टीव्हीशेजारच्या काचेच्या कपाटात, हिरव्या पाठीचे, फुलदाणीला टेकून. तुम्ही ते वाचले आहे का, असे मी विचारत नाही. लोकांना अडचणीत टाकायचे माझे वय राहिले नाही. फक्त काच सरकवा, एकमेकांना चिकटलेली पाने हलक्या हाताने सोडवा, आणि बकरी परत आली का तेवढे एका ओळीत कळवा. मराठीत चालेल. पिल्लू उभे आहे.