चार दशांश बाई

अजून न जन्मलेली माणसं दिवाळीनंतर आमच्या गावात आपापली जागा धरायला आली. दुपारच्या एस.टी.ने आली. तिकीट काढून आली.

त्याचं कारण असं. देशातली जमीन कुठं कशाला वापरायची, याचा एक मोठा आराखडा असतो. तो जुना झाला होता. पुढं माणसं किती होणार याचे नवे अंदाज निघाले, म्हणून तो दुरुस्त करायला घेतला. नव्या अंदाजात शहरं फुगली आणि आमच्यासारखी गावं आटली. आमच्या हिवरसांगवीच्या वाट्याला पुढच्या तीस वर्षांत नवी माणसं आली बारा पूर्णांक चार दशांश. त्यांच्या जागा चुन्याची फक्की टाकून आखल्या होत्या. लोकांनी त्या फक्कीवर कडबा रचला, मोटारसायकली लावल्या. तेव्हा ज्यांच्या जागा होत्या ती माणसं स्वतःच येऊन बसली. त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. गाडीत रुमाल टाकून धरलेली जागा कुणी मानत नाही. माणूस बसलेला बरा.

बाराजण गावात पांगले. उरलेली चार दशांश बाई माझ्या अंगणात आली. तिचा चौकोन माझ्या फाटकाच्या आत पडला होता.

मी मोंढ्यात मापाडी होतो. हयात धान्य मोजण्यात गेली. शेर कळतो, अर्धा शेर कळतो. चार दशांश माणूस मला कळला नाही.

दिसायला ती पूर्ण होती. पंचविशीची असेल. पण बाजेवर बसली तर बाज करकरायची नाही. भाकरी निम्म्याच्या आत सोडायची. बोलणं सुरू करायची आणि संपवायची नाही.

"ही माझी जागा आहे," मी पहिल्या दिवशी तिला सांगितलं.

"आजोबा, मला ठाऊक..." ती म्हणाली आणि गप्प बसली.

"काय ठाऊक? आहे का नाही?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी पण बघत राहिलो. शेवटी माझी बायको सरूबाई बाहेर आली.

"सुनेवर ओरडल्यासारखं काय ओरडताय? आपल्याला सून नाही. ये गं पोरी, आत ये."

आम्हाला मूलबाळ नाही. त्यामुळं घरात तिसरं माणूस कसं वागवायचं याची मला सवय नव्हती. सरूबाईला कुठून आली कोण जाणे. तिनं पोरीला चुलीपुढं बसवलं. दोघींचं बरं जमलं. सरूबाई कुणाला बोलणं पुरं करू देत नाही आणि पोरीला ते पुरं करायचं नव्हतं. एकदा पोर म्हणाली, "आजी, चुलीवरचं दूध..." सरूबाई म्हणाली, "हो, म्हशीचंच आहे." दूध उतू गेलं.

"पुढचं बोलायला काय झालं होतं तुला?" मी म्हणालो.

"तिच्यात तेवढंच आहे," सरूबाई म्हणाली. "तुमच्यात सगळं असून तुम्ही कुठं बोलता?"

पुढं पुढं मला तिचं अर्धं बोलणं ऐकायची सवय लागली. उरलेलं मी मनात जुळवायचो. ते बरोबर असायचं की नाही, मला माहीत नाही.

माघात आराखड्याचे साहेब आले. पिसोळकर नाव. ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "आजोबा, आराखडा आता कायम होतोय. कायम तक्त्यात दशांश ठेवत नाहीत. अर्धा किंवा जास्त असेल तर एक धरायचा. अर्ध्याच्या खाली असेल तर सोडून द्यायचा."

"सोडून म्हणजे? कुठं जाणार ती?"

"जाणार नाही. नसणार."

"आता आहे की."

"आता आहे. पुढं जन्मणार नाही, म्हणून आताही नसेल. सोमवारपासून."

मला काही कळेना. साहेबांना कळत होतं असंही दिसलं नाही. पोर दारात उभी होती. ती म्हणाली, "साहेब, माझी..."

साहेबांनी वाट पाहिली. पुढं काही आलं नाही.

"किती कमी पडतंय?" सरूबाईनं विचारलं.

"एक दशांश."

सरूबाई माझ्याकडे वळली. "मोंढ्यात कुणाला सपाट माप दिलं नाहीत. दर मापावर शीग लावलीत. परक्याच्या पोत्यात मूठ मूठ जास्त ओतलीत. आणि आता घरात हात आखडता घेता?"

"ते व्यापाऱ्याचं धान्य होतं."

"मग एकदा स्वतःचं द्या."

मी साहेबांना विचारलं, "माझ्यातलं चालेल का?"

साहेबांनी वर फोन लावला. बराच वेळ हो हो म्हणत राहिले. मग म्हणाले, "एकाच गावात असेल तर चालू लोकसंख्येतून पुढच्या लोकसंख्येत वर्ग करता येतं. तुम्ही नऊ दशांश राहाल. तक्त्यात पूर्णच दिसाल."

"तक्त्याबाहेर?"

"तक्त्याबाहेरचं आमच्याकडे नसतं."

"माझं घ्या म्हटलं तर?" सरूबाई म्हणाली.

"तू गप. देणारा मी आहे." मी उभा राहिलो. "देतो."

दुखलं नाही. नेमकं काय गेलं तेही सांगता येत नाही. तेव्हापासून चपला पायात थोड्या सैल होतात, आणि बाज माझ्याखाली पूर्वीइतकी करकरत नाही.

"राग गेला असता तर बरं झालं असतं," सरूबाई म्हणाली. राग गेला नाही.

पोर उंबऱ्यावर बसली होती. ती म्हणाली, "आजोबा, मला भूक लागली आहे." पूर्ण बोलली. सरूबाईनं तिला दोन भाकरी वाढल्या. तिनं दोन्ही संपवल्या. मला वाटलं, आता ही राहिली.

साहेब म्हणाले, "हिची जागा कायम झाली. आता तिला धरून बसायचं कारण नाही. हिनं वेळेवर जन्माला यायचं."

हे आधी सांगायला हवं होतं, असं मी म्हणालो. आधी विचारायला हवं होतं, असं साहेब म्हणाले.

संध्याकाळच्या गाडीला आम्ही तिला सोडायला गेलो. सरूबाईनं तिला कुंकू लावलं, ओटीत तांदूळ घातले. पोर म्हणाली, "आजी, जाते मी."

"जाते म्हणू नये. येते म्हणावं."

"येते," ती म्हणाली. गाडी सुटली.

परवा शेजारच्या धोंडिबानं माझ्या फाटकाच्या आत हरभरा वाळत घातला.

"उचल," मी म्हणालो.

"का हो काका? मोकळीच तर आहे जागा."

"माणसाची आहे."

"कुणाची?"

"जन्मायची आहे अजून."

धोंडिबानं चौकोनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग खराटा आणून हरभरा हातभर अलीकडे ओढून घेतला.

"एवढं चालेल?" त्यानं विचारलं.

"अजून थोडा," मी म्हणालो. "ती पूर्ण आहे."